बाहेरून वीस फूट

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून लागलो, तेव्हा त्या कारखान्यातून परदेशी काहीही गेलेलं नव्हतं. मालकांचा जावई तेवढा अबुधाबीला गेला होता, पण जावयाला माल म्हणून धरत नाहीत.

माझी नेमणूक एका वाक्यावर झाली. अर्जात मी लिहिलं होतं, 'निर्यात व्यवसायाचा दोन वर्षांचा अनुभव.' यात खोटं काही नव्हतं. लोणंदला एका कांदा व्यापाऱ्याकडे मी दोन वर्षं होतो आणि त्यांचा कांदा आखातात जात होता. त्या निर्यातीतला माझा वाटा म्हणजे पोत्यावर पत्र्याचा साचा धरून ब्रशनं इंग्रजी अक्षरं उमटवणं, एवढं मात्र मी लिहिलं नाही. अर्जाच्या कागदावर जागा कमी होती. एकदा साचा उलटा धरून मी अर्धा ट्रक पोती रंगवली होती. तिकडच्या लोकांनी ती आरसा समोर धरून वाचली असणार. तेही लिहिलं नाही.

मालक सांगलीतले, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. माणसावर विश्वास टाकायची त्यांना खोडच होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी सगळ्यांशी ओळख करून दिली, "हे आपले एक्स्पोर्ट." त्या दिवसापासून माझं नावच ते पडलं. "अहो एक्स्पोर्ट, चहा घेणार का?" "एक्स्पोर्ट आज डबा आणला न्हाई व्हय?" मीही त्या नावाला ओ देऊ लागलो. खोट्या नावाला एकदा ओ दिली की ते अंगाला चिकटतं.

कारखाना रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब बनवायचा. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला पोलादी खांब, पायाला चौकोनी प्लेट, प्लेटच्या मधोमध वायर जायला भोक, आणि वरून जस्ताचा मुलामा. अकरा माणसांचं काम. नगरपालिकांना खांब द्यायचे आणि त्या खांबांवर दिवा कधी लागतोय याची गावानं वाट बघायची, असा सगळा व्यवहार. अशात पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदराच्या वस्तीसाठी साठ खांबांची मागणी आली. प्रत्येक खांब वीस फुटांचा. साठ पसंत पडले की पुढं चारशे. मालकांनी दोन महिने नगरपालिकांची कामं नाकारून हे साठ खांब बनवून घेतले. अट एकच होती. न्हावाशेव्याहून रविवारी सुटणाऱ्या जहाजावर माल चढला पाहिजे. ते जहाज चुकलं की मागणी रद्द आणि पुढचे चारशेही गेले. अकरा घरांची चूल त्या जहाजाच्या वेळापत्रकाला टांगलेली होती, आणि ते वेळापत्रक माझ्या खिशात होतं.

मुंबईच्या एजंटानं एसटीडीवर विचारलं, "कंटेनर विसाचा पाठवू का चाळिसाचा?"

मी मनात हिशोब केला. खांब वीस फूट, कंटेनर वीस फूट. इतकं बेतशीर काम तर आमच्या गल्लीतला शिंपीसुद्धा करत नाही. म्हटलं, "विसाचा."

"नक्की ना?"

"अहो, हे काय पहिल्यांदा करतोय का मी?" हे मी म्हणालो. आजही ते आठवलं की जीभ चावतो.

आता माझ्या बाजूनं एवढंच सांगतो. आमच्या भागात सतरा फुटी ट्रक म्हटला की हौदा सतरा फूट. म्हणजे माल ठेवायची जागा सतरा फूट. माल त्याहून लांब असला तरी कुणाची झोप उडत नाही. शेपूट मागं लोंबू द्यायचं, टोकाला लाल फडकं बांधायचं आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. सळ्या, बांबू, पन्हाळी पत्रे, एकदा तर एका मंडळाची अख्खी कमान अशीच मिरजेला गेलेली मी पाहिली होती. ज्या गाडीला मागून दार असतं आणि ते दार लागावंच लागतं, अशा गाडीशी आमचा संबंध आलेला नव्हता. आणि कांदा? कांदा कुठल्याही डब्यात बसतो.

शुक्रवारी सकाळी कंटेनर आला. ट्रेलरचा ड्रायव्हर जत भागातला, कपाळाला भंडारा, मिशी पांढरी. वीस-पंचवीस वर्षं मुंबईची वाट तुडवलेला माणूस. खाली उतरला, रचलेल्या खांबांकडं बघितलं, मग कंटेनरकडं, मग माझ्याकडं.

"सायेब, आतनं मापलंय न्हवं?"

माझ्या अंगावर त्या दिवशी नवा सफारी होता. मी म्हटलं, "तू गाडी चालव."

"बरं," तो म्हणाला, आणि कडुलिंबाच्या सावलीला जाऊन बसला.

मालकांनी कंटेनरची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, कोपऱ्यावर नारळ फोडला. एक्साइजचे साहेब आले होते. त्यांच्यासमोर माल भरायचा, त्यांनी दाराला सील मारायचं आणि मग ट्रेलर निघायचा, अशी तेव्हा रीत होती. त्यांनी घड्याळ बघून सांगितलं, पाचपर्यंत थांबतो.

पहिला खांब चौघांनी उचलून सरळ आत सारला. समोरच्या भिंतीला जाऊन टण्ण वाजला आणि दारातून आठ इंच बाहेर राहिला.

आमचा मिस्त्री विट्याचा. त्याचे तिन्ही भाऊ लांबलांबच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं चालवायचे. "घरात म्या एकटाच लोखंडात ऱ्हायलो, म्हून हे बघावं लागतंय," असं तो दर अडचणीला म्हणायचा. आताही म्हणाला. मग टेप लावली. आतून एकोणीस फूट चार इंच.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. रागावून नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं उत्तर मागत होते.

"एक्स्पोर्ट, असंच असतं का हे?"

"असंच असतं," मी म्हणालो. "तिरपे भरायचे."

कुठून सुचलं देव जाणे. शाळेतलं कर्णाचं प्रमेय आयुष्यात एकदाच उपयोगी पडलं आणि तेही मला गोत्यात घालायला. आतल्या डाव्या कोपऱ्यातून दाराच्या उजव्या कोपऱ्याकडं तिरपा धरला की खांब खरंच आत बसला. मिस्त्रीनंही मान हलवली. मालकांचा चेहरा उजळला. "बघा, अनुभव तो अनुभव," ते एक्साइजच्या साहेबांना म्हणाले.

त्या शब्दानं मला चढलं. खांबाचं आतलं टोक नीट कोपऱ्याला लावायला कुणीतरी आत उभं राहायला हवं होतं. ते एखाद्या हेल्परचं काम. पण मी सफारीच्या बाह्या दुमडल्या आणि स्वतः आत शिरलो. एक खांब उलटा, एक सुलटा, थरावर थर चढू लागला. खांबांची तिरपी भिंत माझ्या गुडघ्याला आली, कमरेला आली, छातीला आली. भिंतीच्या पलीकडं दार, उजेड, माणसं. अलीकडच्या तिकोनात मी.

मिस्त्री ओरडला, "आवं, आता भाईर या."

"दोन थर होऊ दे."

"या म्हंतोय न्हवं!"

"अरे दोन थर!"

चौतिसावा खांब चढला आणि सगळ्यात खालचा खांब तळाच्या फळ्यांवरून सरकला. आवाज कसा झाला ते सांगता येणार नाही, कारण तो आवाज मी कानानं ऐकला नाही, दातांनी ऐकला. मी मागं उडी मारून कोपऱ्याला पाठ लावली. अख्खी भिंत दीड फूट माझ्याकडं आली, सरळ व्हायला गेली, आणि सरळ तर ती मावतच नव्हती. दाराकडच्या प्लेटा चौकटीला अडकल्या, आतली टोकं समोरच्या पत्र्याला रुतली, वरचे खांब कलंडून छताला टेकले. अडकित्त्यात सुपारी बसावी तसं सगळं गच्च बसलं. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. फक्त मला बसता येत नव्हतं, वळता येत नव्हतं, आणि वरच्या फटीतून जेमतेम हात बाहेर गेला असता.

बाहेर एकच गलका झाला. मीही ओरडत होतो. पण त्या डब्यात आवाजाचं पीठ व्हायचं. मला नुसतं घुमणं ऐकू यायचं, त्यांनाही तसंच. एप्रिल महिना, वर ऊन, चारी बाजूंनी पत्रा. पाठीला पत्रा तव्यासारखा लागायला लागला. जस्ताचा वास घशात बसला. खांबांच्या फटींतून उजेडाच्या बारीक पट्ट्या येत होत्या, त्यात धूळ तरंगत होती, आणि त्या धुळीकडं बघत मला एकच विचार येत होता, की याच्याहून मोठा साचा मी आयुष्यात कधी उलटा धरला नाही.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी अगदी स्वच्छ म्हणालं, "सायेब, जित्तं हाय न्हवं?"

मी दचकून डोकं आपटून घेतलं. कानाशेजारी एका खांबाचं निमुळतं तोंड होतं. पलीकडच्या प्लेटच्या भोकाला तोंड लावून ड्रायव्हर बोलत होता. वीस फुटांवरून आवाज असा येत होता, जणू तो माझ्या डोक्यातच बसलाय.

"आहे," मी खांबात म्हणालो.

"मग वरडू नगा. हलू बी नगा. वरनं चढायला बगाल तर पाय जाईल. मिस्त्री येक येक काढतुया."

"पाणी," मी म्हणालो.

मग त्याच खांबातून पाणी आलं. गरम, जस्ताची चव असलेलं, निम्मं सफारीवर. मी तोंड लावून प्यालो. बाहेर कुणीतरी हसलं. खांबातून ते हसूही स्वच्छ आलं.

एक्साइजचे साहेब जवळच असावेत. "पॅकिंग लिस्टमध्ये साठ नग आहेत," ते म्हणाले. "एकसष्टावा मी सोडणार नाही हं."

पहिला खांब मोकळा करायला मिस्त्रीला पाऊण तास लागला. एक ओढला की दुसरा माझ्याकडं इंचभर सरकायचा. मग सगळे थांबायचे, मला विचारायचे, मी "थांबा" म्हणायचो, मग पाचर ठोकायचे. दुपारचे दोन वाजले असतील. चौतीस खांब. मी हिशोब करायचं सोडून दिलं. त्या दिवशी माझे हिशोब तसेही चालत नव्हते.

मग मालक खांबाशी आले. त्यांच्या श्वासावरूनच मी ओळखलं.

"अहो, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"घाबरू नका. आणि ऐका, आता एकच मार्ग दिसतोय मला. खांब आठ इंच कापायचे. मिस्त्री नको म्हणतोय. कापल्या जागी जस्त राहणार नाही, समुद्राच्या हवेला गंजेल म्हणतो. पण जहाज चुकण्यापेक्षा ते बरं. तुमचं काय म्हणणं? तुम्ही आखाताला माल पाठवला आहे. तिकडं माप थोडं इकडंतिकडं झालं तर चालतं का? तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

मी कान खांबालाच लावून ठेवला.

"ऐकू येतंय ना?"

येत होतं. अगदी स्वच्छ येत होतं. दुसरीकडं कुठं असतो तर मी खोकलो असतो, फाईल शोधली असती, लघवीला जाऊन आलो असतो. खोटं बोलणाऱ्याला हालायला जागा लागते. तिथं मला मान वळवायलाही जागा नव्हती. आणि पलीकडून गॅस कटरच्या सिलिंडरचा खडखडाट येत होता. कुणीतरी तो आणत होतं. साठ खांब, एकदा कापले की कापले. जोडून मिळत नाहीत.

"मालक," मी म्हणालो, "तेव्हा कांदे होते."

"काय?"

"कांदे होते. मी पोत्यांवर शिक्के मारायचो. दुसरं काही नाही. कंटेनर मी आयुष्यात आज पहिल्यांदा आतून बघतोय."

खांबातून नुसती हवा. मला वाटलं ते निघून गेले. ते आवाज न करता उभे होते, हे मला नंतर मिस्त्रीनं सांगितलं. कान प्लेटला, डोळे मिटलेले.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे कुणालाच माहीत नाही?"

"मला नाही. पण त्या ड्रायव्हरला विचारा. त्यानं सकाळी मला विचारलं होतं, आतून मापलंय का. मी त्याला गाडी चालव म्हणालो."

हे बोलताना मला जे वाटलं ती लाज नव्हती. लाज नंतर आली, हप्त्याहप्त्यानं. त्या क्षणी फक्त पाठीचा पत्रा थोडा गार झाल्यासारखा वाटला.

मालक जरा बाजूला गेले, पण ड्रायव्हर खणखणीत बोलायचा आणि खांबातून दोघांचंही ऐकू येत होतं.

"आवं मालक, वीस फुटी म्हंजी भाईरनं वीस! आतनं कसं वीस भरंल? पत्र्याला जाडी न्हाई व्हय? दाराला न्हाई व्हय? लांब मालाला चाळीस फुटी लागतुया, ही श्यान्या माणसाची गोष्ट. म्या म्हनलं, सायेब एक्स्पोर्टवालं हायती, त्यास्नी आमच्यापरास जास्ती कळत आसंल."

"तेव्हाच का नाही बोललास रे?"

"बोललो की! गाडी चालव म्हनलं. मग म्या गाडी चालवायची वाट बगत बसलो."

"आता काय करायचं?"

"कापू नगा. साध्या ट्रकात घाला, शेपूट राहू द्या भाईर. न्हावाशेव्याला गोदामात नेऊन तितंच चाळीस फुटीत भरत्यात. सगळं जग भरतंय. एजंटाला फोन लावा. उद्या सांजच्यापतोर माल घेत्यात त्ये."

मालक फोनकडं पळाले. आयुष्यात मी त्यांना पळताना तेवढंच ऐकलं, पाहिलं कधीच नाही.

मला बाहेर काढायला पावणेपाच वाजले. शेवटचे चार खांब राहिले तेव्हा मी त्यांच्यावरून पोटावर सरपटत दारात आलो. सफारीची एक बाही आत राहिली. बाहेर अकरा माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. एक्साइजच्या साहेबांनी न वापरलेलं सील पिशवीत घातलं, कागदावर दुरुस्ती करून दिली आणि जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी कांदे असले तर बोलवा."

मालक फोनवरून परत आले. एजंट चाळीस फुटी देणार होता. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत माल गोदामात हवा. ट्रक ठरला होता. मी मान खाली घालून उभा राहिलो. मला वाटलं, आता जा म्हणतील. बॅग कुठं ठेवलीय तेही मी आठवून बघत होतो.

"ट्रकबरोबर तुम्ही जायचं," ते म्हणाले. "तिथं कुणालाही 'मला माहीत आहे' असं सांगायचं नाही. सांगाल?"

"नाही सांगणार."

"विचारायचं. हमालालासुद्धा विचारायचं."

एवढंच. ना आवाज चढला, ना 'अहो' सुटलं. पण 'एक्स्पोर्ट' म्हणाले नाहीत, ते त्या दिवसापासून कायमचंच. मिस्त्रीनं जाताना टेप माझ्या हातात कोंबली. "आतनं माप गड्या," म्हणाला. 'आवं' वरून मी 'गड्या' वर आलो होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी तीनला आम्ही गोदामात पोचलो. चाळीस फुटी उभा होता. मी टेप घेऊन आत पाऊल टाकलं आणि दाराशीच थबकलो. पाऊल पुढं जाईना. शेवटी टेपचं टोक तिथल्या एका हमालाच्या हातात दिलं आणि त्याला आत पाठवलं. एकोणचाळीस फूट पाच इंच. वीस आणि वीस चाळीस. पुन्हा सात इंच कमी! एका रांगेत दोन खांब मावत नव्हते.

जुना मी असतो तर गप्प बसलो असतो, किंवा तिरपे भरा म्हणालो असतो. मी त्या हमालाला विचारलं, "हे कसं भरायचं हो?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं कुणी जेवायचं कसं म्हणून विचारावं. "टोकं बारीक हायती न्हवं? बारीक टोकाशेजारी बारीक टोक घ्यायाचं. मधी फूटभर येकमेकांच्या बगलंत जात्यात."

गेले. साठही गेले, सरळ, लाकडी ठोकळ्यांत आवळून. साडेपाचला दार लागलं. मी ते तीनदा ओढून पाहिलं, तेव्हा तिथला माणूस वैतागला.

गोदामाबाहेरच्या बूथवरून कुपवाडला फोन लावला. पहिल्याच घंटेला मालकांनी उचलला. बहुतेक ते फोनवर हात ठेवूनच बसले होते.

"गेले?"

"गेले. साठ. लाकडी ठोकळ्यांत आवळून."

"दार लागलं?"

"लागलं."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बाहेर आहात ना?"

"बाहेर आहे," मी म्हणालो. पलीकडं ते रिसीव्हरवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी सांगत होते. मागं अकरा माणसांचा गलका उठला, त्यात मिस्त्रीचं हसणं मला वेगळं ओळखू आलं, आणि मालक पुन्हा फोनवर येऊन म्हणाले, "मग सोमवारी या कामावर. चारशे खांबांना लागणारं लाकूड कुठं मिळतं ते विचारत विचारत या."